वर्गणी भरली का?

बँकेत वीस-बावीस वर्षं काढली की माणसाला जगात दोनच प्रकारचे लोक दिसू लागतात. एक, ज्यांची सही जुळते ते; आणि दुसरे, ज्यांची जुळत नाही ते. मी बी.कॉम. होऊन काउंटरला चिकटलो तेव्हापासून माझा पगार, पोट आणि चष्म्याचा नंबर हे तिन्ही आपापल्या गतीने वाढत गेले, पण दृष्टी म्हणाल तर तेवढीच राहिली. लग्नाच्या पत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून छापलेली सतरा नावं पाहिली, तरी माझ्या मनात पहिला प्रश्न येतो की यांच्या नमुना सह्या कुठे आहेत?

अशा या सावध माणसाच्या हातून एक फणसाचं झाड तुटलं. कुऱ्हाड न उचलता, पुण्यातल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये बसून आणि अवघ्या तीन शब्दांत. ते तीन शब्द मी या लेखाच्या डोक्यावर घातले आहेत. म्हणजे वाचकहो, गुन्हा सुरुवातीलाच कबूल आहे. आता हकिगत ऐका.

आमचं घराणं मूळचं राजापूरजवळचं. घराण्यात मोठं असं कुणी झालं नाही, पण संख्येने आम्ही भरपूर झालो आणि पोटापाण्यासाठी ठाण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पांगलो. २००९ साली गावच्या घरी कुलसंमेलन झालं. मोदकांची तिसरी फेरी संपल्यावर भारावलेल्या अवस्थेत ठराव झाला की यापुढे सर्वांनी एकमेकांच्या संपर्कात राहावे. ठराव झाला म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात पडायला हवा. "हा बँकेत आहे, याला वेळ असतो," असं कुणीतरी म्हणालं आणि मी कुळमंडळाचा चिटणीस झालो.

माझा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याने मला मेलची एक यादी उभारून दिली. 'मेलमन' नावाची प्रणाली. आपला पोस्टमन तसा हा मेलमन. कुळमंडळाचा एकच पत्ता. त्या पत्त्यावर कुणीही एक पत्र टाकायचं, की मेलमन त्याच्या त्रेचाळीस प्रती करून त्रेचाळीस जणांच्या डब्यात नेऊन टाकणार. तिकीट नाही, पाकीट नाही, बक्षिसी नाही.

"मामा, अजून एक गंमत," भाचा म्हणाला, "प्रत्येक पत्राच्या शेवटी तुला हवी ती ओळ आपोआप चिकटवता येते."

चिटणीस माणसाला यापरता आनंद कुठला? मी विषयाच्या आधी चौकटी कंसात 'कुळमंडळ' हा शिक्का बसवला आणि पत्राच्या शेपटाला ओळ लावली : 'आपलं कूळ, आपलं मूळ. वर्गणी भरली का?' वर्गणी वर्षाला शंभर रुपये. ती कुणी भरत नसे, पण प्रश्न मात्र सगळ्यांना पोचत असे. बारशाच्या आमंत्रणाखाली, दहावीच्या निकालाखाली आणि एकदा तर इचलकरंजीच्या वहिनींच्या वडिलांच्या निधनाच्या बातमीखालीसुद्धा. वहिनींनी नंतर मला शंभराची नोट पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. ती नसल्यामुळे जास्त लागलं.

आता भाऊकाका. काका महसूल खात्यातून निवृत्त होऊन गावच्या घरी राहतात. त्यांचा एक नियम आहे : गुड मॉर्निंग व्हॉट्सॲपवर, घरचे व्यवहार लेखी. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कुळमंडळाला पत्र लिहिलं. घरामागचा फणस पडवीवर कलला आहे. मुळाशी वाळवी आहे. पावसाच्या आत काढावा लागेल. लागणारे कागद तयार आहेत. 'तरी ज्यांची हरकत असेल त्यांनी आठ दिवसांत लेखी कळवावे. न कळवल्यास संमती आहे असे समजण्यात येईल.'

तो फणस आजीने लावलेला. कापा. त्याच्या आडव्या फांदीला आक्काआत्याचा झोपाळा होता आणि त्या झोपाळ्यावरून पडून मोडलेला दात आत्या अजून लोकांना दाखवते. म्हणजे दात नाही, दाताची जागा. एवढं झाड तोडायचं म्हटल्यावर कुळात रणकंदन व्हायला हवं होतं. पण कुणाचंही उत्तर आलं नाही. काकांनी सरकारी शिस्तीने दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. मग दोन. मग तीन. मग चार. शेवटी आमच्या इचलकरंजीच्या बाळदादाचं एका शब्दाचं उत्तर गेलं : 'ठीक.' त्रेचाळीसांत एक संमती, हरकत शून्य. नवव्या दिवशी सकाळी झाड पडलं.

त्याच आठवड्यात मला आक्काआत्याचा फोन आला होता. "काय रे, मला कुळातून काढलंस म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या मंडळाचंच पत्र आलंय इंग्रजीत. सभासदत्व स्थगित केलंय म्हणून. या वयात मला कूळ नाही होय रे?"

इथे माझ्यातल्या चिटणिसाने तोंड उघडलं. मी म्हणालो, "आत्या, तुझी वर्गणी थकली असेल." तिने फोन ठेवला. मला वाटलं, चला, निदान एक तरी वसूल होईल.

झाडाची बातमी फोटोसकट व्हॉट्सॲपवर आली तेव्हा खरं रणकंदन सुरू झालं. विचारलं नाही, असं बेचाळीस जण म्हणत होते आणि पाच वेळा लेखी विचारलं, असं काका म्हणत होते. दोन्ही पक्ष खरं बोलत होते. मी बंगळुरूला भाच्याला फोन केला. त्याने विचारलं, "मामा, तू यादीचा तो चालकाचा डबा उघडला होतास का?"

चालकाचा वेगळा डबा होता, हे मला आठवलं. मार्चअखेर, मग ऑडिट, या धबडग्यात तो मी सहा आठवडे उघडला नव्हता. उघडला तर आत परत आलेल्या पत्रांच्या सूचना खच्चून भरल्या होत्या. आमच्या बँकेत एक चेक परत गेला तरी त्याला मेमो लावून गिऱ्हाइकाला कळवतात, आणि इथे माझ्या नावावर दीडशेच्या वर पत्रं परत येऊन पडली होती. प्रत्येकावर कारण एकच, आणि त्याचा मराठीत सारांश असा : पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही, सबब त्याच्याच मालकाच्या धोरणानुसार पत्र स्वीकारता येत नाही.

"काकांची ओळख पटत नाही?" मी ओरडलो. "राजापूर तालुक्यात काकांची ओळख न पटणारा माणूस दाखव!"

मग भाच्याने मला जे समजावलं ते मी माझ्या पद्धतीने, म्हणजे काउंटरच्या भाषेत, तुम्हाला सांगतो.

मेलमध्ये 'प्रेषक' म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो. पोस्टकार्डावर मी 'आपला, रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर' असं लिहिलं तर पोस्टमन काय करणार? तसंच. या ढिलाईचा फायदा चोरांनी घेतला. म्हणून दोन पहारे बसवण्यात आले. पहिला एसपीएफ. पत्त्याचा मालक डीएनएस नावाच्या जगजाहीर नोंदवहीत लिहून ठेवतो की माझी पत्रं या या शिपायांच्याच हातून येतील. दुसरा डीकिम. पाठवणारी कंपनी पत्राच्या मजकुरावरून गणित करून एक मोहोर उमटवते. मजकुरात नंतर एक अक्षर जरी वाढलं तरी मोहोर तुटते. आणि या दोघांवरचा साहेब म्हणजे डीमार्क. हा विचारतो की प्रेषकाच्या जागी जे नाव लिहिलंय, त्याच नावाचा शिपाई किंवा त्याच नावाची धड मोहोर, दोहोंपैकी एक तरी आहे का? नसेल तर काय करायचं तेही पत्त्याच्या मालकाने आधीच जाहीर केलेलं असतं. तीन पर्याय : काही करू नका, नुसतं कळवा, बाजूला ठेवा, किंवा दारातूनच परत पाठवा.

आता काकांचं पत्र बघा. काकांनी पत्र कुळमंडळाला पाठवलं तेव्हा सगळं ठीक होतं. मेलमनने ते पुढे त्रेचाळीस जणांना दिलं. म्हणजे शिपाई बदलला. पाकिटावर कुळमंडळ, आत प्रेषक म्हणून काका. पहिला पहारा साहेबाच्या दृष्टीने नापास. दुसरा पहारा, मोहोर, ती पास झाली असती.

"मग झाली का नाही?" मी विचारलं.

"तुझी ओळ, मामा."

"कुठली ओळ?"

"वर्गणी भरली का."

मी खुर्चीत बसलो. आधी बसलोच होतो, पण पुन्हा बसलो. विषयाला लावलेला शिक्का आणि शेपटाची ती ओळ. मोहोर उमटल्यावर मी पत्रात खाडाखोड केली होती. तारखेचा भाग सोडला तर चेकवर खाडाखोड चालत नाही, हे २०१० पासून मी गिऱ्हाइकांना रोज सांगत आलो. कित्येक म्हाताऱ्यांना 'आजोबा, नवा चेक लिहा' म्हणून परत पाठवलं. आणि स्वतः सात वर्षं, दर पत्रावर, दुसऱ्याच्या सहीखाली वर्गणी मागत होतो.

"सात वर्षं चाललं ते?" मी शेवटची काडी धरली.

तेवढी वर्षं चाललं, कारण काकांचा पत्ता ज्या कंपनीचा, तिने 'दारातूनच परत' हे धोरण त्याच महिन्यात लावलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. बँकेत लागताना गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केलेली आहे, ती सवय. पण प्रकार नवा नव्हता. डीमार्क २०१२ च्या जानेवारीत जाहीर झालं. ते बहुतेक बँका वगैरेंसाठी, असं सगळे धरून चालले होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने आणि पाठोपाठ एओएलने आपल्या साध्यासुध्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांनाही 'परत पाठवा' लावलं. त्यांचाही इलाज नव्हता. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या नावाने खोटी पत्रं, ती पण थेट ओळखीपाळखीच्या लोकांना, धडाधड जात होती. पण त्या आठवड्यात जगभरच्या याद्या कोलमडल्या. शास्त्रज्ञांच्या, ग्रंथपालांच्या, संगीतवेड्यांच्या. त्यावर मेलमनवाल्यांनी इलाजही काढला होता, आणि तो दोन वर्षांपूर्वीच उपलब्ध होता. मी प्रणाली अद्ययावत केली नव्हती. ज्याच्या हाती किल्ली त्यालाच कुलूप ठाऊक नाही, अशातली गत.

आक्काआत्याच्या निलंबनाचं कोडंही सुटलं. परत आलेलं पत्र पाहून मेलमनला वाटतं की घेणाऱ्याचाच पत्ता बंद पडलाय. तो दिवसाला एक याप्रमाणे गुण मांडतो आणि पाच गुण झाले की सभासदाला स्थगित करतो. काकांचं एक पत्र आणि चार स्मरणपत्रं, रोज एक. हिशेब बरोब्बर पाच. दोष शेपटाचा, पत्र काकांचं, परत पाठवणारा तिसरा आणि शिक्षा घेणाऱ्यांना. त्रेचाळीसांपैकी एकतीस जण एका दिवसात कुळाबाहेर गेले. बाळदादाच्या कारखान्याचा सर्व्हर इतका जुना होता की तो कसलीच चौकशी करत नसे, म्हणून त्याला तेवढी सगळी पत्रं पोचली. त्याने 'ठीक' लिहिलं ते फणसाबद्दल नव्हतंच. त्याला वाटलं, काकांनी तब्येत विचारली आहे.

धोरणाला मी नावं ठेवणार नाही. माझ्याच काउंटरवर एक निवृत्त शिक्षक बँकेच्या नावाने आलेला मेल छापून घेऊन आले होते. अक्षर बँकेचं, बोधचिन्ह बँकेचं, फक्त पैसे गेले ते त्यांचे. ते मला विचारत होते, "पण पत्र तर तुमचंच आहे ना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बँकेच्या पत्राला कडक पहारा हवाच. बँकेचं पत्र बँकेतून निघतं आणि तुमच्या डब्यात पडतं, मधे कुणी नसतं. पण घरच्या पत्राचं तसं नाही. ते एकाने वाचून दुसऱ्याला द्यायचं असतं. मधे हात लागतोच. पहारेकऱ्याला मात्र मधला आप्त आणि मधला चोर सारखेच दिसतात, आणि खरं सांगायचं तर पत्रात आपलं काहीतरी घुसडणारा आप्त थोडासा चोरासारखा वागतच असतो.

भाच्याने तो इलाज लावला. मेलमन प्रेषकाच्या जागी स्वतःचा पत्ता घालू लागला : 'भाऊकाका द्वारा कुळमंडळ.' नाव मंडळाचं, शिपाई मंडळाचा, साहेब खूश. पत्रं पोचू लागली. पण काकांचा फोन आला, "माझ्या नावाला 'द्वारा' कशाला? मी काय पोटभाडेकरू आहे?"

त्या 'द्वारा'ने आणखी एक पराक्रम केला. मेलच्या डब्याला सवय असते, आलेल्या पत्राचं नाव आणि पत्ता तो आपणहून लक्षात ठेवतो. आक्काआत्याच्या डब्याने लक्षात ठेवलं की भाऊकाका म्हणजे कुळमंडळाचा पत्ता. एके रात्री तिने काकांना खासगी पत्र लिहायला घेतलं, 'भाऊ' अशी दोन अक्षरं टाइप केली, डब्याने पुढचं भरलं, आणि पत्र त्रेचाळीस घरी गेलं. सुरुवातीला माझ्याबद्दल चार ओळी होत्या. त्या इथे देत नाही. पण त्यांतलं 'स्वतःला शहाणा समजणारा कारकून' हे सर्वांत सौम्य होतं. मग तिने लिहिलं होतं, 'फणस पाड असं मीही सांगितलं असतं रे भाऊ. वाळवी मलाही दिसत होती. पण तू विचारलं असतंस तर मी एकदा येऊन त्याला हात लावून गेले असते. तू विचारलंस हे मला आता कळलं. मी उत्तर दिलं नाही असं तू इतके दिवस धरून चाललास, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.'

आणि त्याच्या खाली, न चुकता, 'आपलं कूळ, आपलं मूळ. वर्गणी भरली का?'

त्या रात्री मी ती ओळ काढून टाकली. विषयाचा शिक्काही काढला. सकाळी भाच्याला कळवलं तर तो म्हणाला, "मग आता 'द्वारा'ही नको मामा. पत्राला हातच लावला नाहीस तर मोहोर शाबूत राहते. आलं तसं पुढे गेलं की झालं." म्हणजे सगळ्या जगाने डोकं फोडून काढलेल्या इलाजापेक्षा माझ्यापुरता इलाज सोपा होता : चिटणिसाने गप्प बसायचं. पुढे २०१९ मध्ये 'आर्क' म्हणून आणखी एक युक्ती निघाली. मधला माणूस 'माझ्याकडे आलं तेव्हा मोहोर धड होती' असा आपला शिक्का मारून पुढे देतो. आमच्याकडे मागच्या पृष्ठांकनांची हमी देतात, तसलाच प्रकार. पण हमी घ्यायची तर हमी देणाऱ्याची पत लागते, आणि त्या एप्रिलनंतर कुळात माझी पत काय राहिली होती ते मला ठाऊक आहे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तर गुगल आणि याहू यांनी घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना, म्हणजे गुगलच्या हिशेबाने दिवसाला पाच हजारांवर पाठवणाऱ्यांना, हे सगळे पहारे सक्तीचे केले. आमचं कूळ अजून तेवढं वाढलेलं नाही.

काका आणि आत्या बोलू लागले. आत्या गावी गेली, बुंध्याचं खोड उरलं होतं त्याला हात लावून आली. पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी गावाहून पार्सल आलं. त्या फणसाच्या लाकडाचे काकांनी पाट करून घेतले होते, घरटी एक. पिवळाधमक पाट, आणि उलटा केला तर खाली तापलेल्या सळईने उमटवलेली काकांची सही. मी सवयीने जुन्या पत्राशी ताडून पाहिली. जुळली.

एवढे पाट वाटले गेले, त्यांची नोंद नको का? मी बँकेतून येताना चिकटपट्टीची लेबलं आणली, एकावर सुवाच्य अक्षरात 'कुळमंडळ, पाट क्र. १४' लिहिलं आणि सहीच्या खाली मोकळी जागा बघत होतो.

"अहो," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "त्याच्याखाली काही चिकटवू नका."

लेबल अजून माझ्या पाकिटात आहे. आक्काआत्याची वर्गणी २०१६ पासून थकलेली आहे. पण विचारणार कोण?